नागपुरात पहिली नोकरी मिळेल, दुसरीचं बघून या

पुण्याहून किंवा बंगळुरूहून नागपूरला परत यायचं म्हटलं की बोलणं पगाराभोवतीच फिरतं. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातल्या कंपन्या किती देतात, पॅकेज किती तुटेल, घरचं जेवण धरलं तर महिन्याला किती वाचेल. हे विचारायलाच हवं, आणि त्याचा हिशेब पुढे मांडला आहे. पण परत आलेल्याची खरी अडचण सुरू होते ती दोन-तीन वर्षांनी, नोकरी बदलावीशी वाटते तेव्हा. हिंजवडीत नोकरी बदलली तर बस तीच राहते, फार तर स्टॉप बदलतो. नागपुरात नोकरी बदलायची तर पुष्कळदा गावच बदलावं लागतं. म्हणून परत येण्याआधी पहिल्या नोकरीबरोबर दुसरीचाही विचार करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

या शहराला हा धडा नवा नाही. एम्प्रेस मिल ही कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली कायमची बंद पडली. एवढं कसब असलेल्या कामगारांना त्याच तोडीचं काम देणारं दुसरं दार गावात उरलं नव्हतं. आजचं नागपूर तेवढं एका दारावर अवलंबून नाही, तरी प्रत्येक धंद्यात दारं मोजकीच आहेत.

आधी ऑफर लेटर. समजा नागपूरची ऑफर ९ लाखांची आहे आणि पुण्यातली १२ लाखांची. नऊला बाराने भागून ७५ हजार महिना असा हिशेब करणारे पुष्कळ भेटतात. तो चुकतो, कारण सीटीसीत कंपनीने तुमच्या नावावर केलेला सगळाच खर्च धरलेला असतो. मूळ पगार निम्मा, म्हणजे ४,५०,००० धरा. त्याच्या १२ टक्के कंपनीचा पीएफ ५४,०००. ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्के, म्हणजे २१,६४५. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा भाग, १० टक्के, ९०,०००. विम्याचा हप्ता १०,००० धरू. हे सगळं वजा केलं की उरतात ७,२४,३५५, महिन्याला साधारण ६०,३६०. त्यातून तुमचा पीएफ ४,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ५५,६६० च्या आसपास. याच रीतीने पुण्याच्या १२ लाखांचे हातात ७४,५६० येतात. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही, त्यामुळे दोन्हीकडे करापोटी काही जात नाही. म्हणजे कागदावर महिन्याला २५ हजार दिसणारा फरक हातात १९ हजारांचा होतो. त्या १९ हजारांसमोर तुमचं पुण्यातलं भाडं, डबा आणि वर्षातून तीन-चारदा घरी येण्याचा खर्च मांडा. उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल, पण ते खऱ्या आकड्यांवर येईल.

व्हेरिएबल पूर्ण मिळेल असं धरून कोणताही हप्ता ठरवू नका. मागच्या दोन वर्षांत या पदाला किती टक्के व्हेरिएबल मिळालं, हे एचआरला सरळ विचारता येतं. काही कंपन्या पीएफ पूर्ण मूळ पगारावर न कापता १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० कापतात. तिथे हातात जास्त येतात आणि साठतं कमी. दोन ऑफर ताडून पाहताना हे आधी बघा, नाहीतर कमी पगाराची ऑफर उगाच मोठी वाटते.

आता पगाराच्या तक्त्यापलीकडची कलमं. पहिलं, कामाचं ठिकाण. 'नागपूर' असं ठळक लिहिलेलं असतं आणि दोन पानांनंतर 'कंपनीच्या गरजेनुसार देशात कुठेही बदली' हेही असतं. ते कलम कोणी काढून देत नाही, पण हा प्रोजेक्ट संपल्यावर नागपुरातच दुसरा मिळतो का, हे विचारता येतं. दुसरं, नोटिस पीरियड. तो ९० दिवसांचा असेल तर नागपुरातली छोटी कंपनी तुमच्यासाठी तेवढी थांबत नाही, आणि दुसरी नोकरी इथेच हवी असेल तर हे कलम पगाराइतकंच वजनदार ठरतं. तिसरं, जॉइनिंग बोनस. वर्षाच्या आत सोडलं तर तो परत द्यावा लागतो का, आणि कर कापण्याआधीचा द्यावा लागतो की नंतरचा, हे वाचा.

मुलाखतीच्या शेवटी 'काही विचारायचंय?' म्हटल्यावर बहुतेक जण मान हलवून उठतात. तिथे चार प्रश्न विचारा. माझा मॅनेजर कुठे बसतो? या टीममधले नागपुरात किती आणि बाहेर किती? क्लायंटशी बोलणं इथून होतं की दुसऱ्या शहरातून? मागच्या दोन वर्षांत या ऑफिसातून कोणाला वरचं पद मिळालं, आणि ते घेताना त्याला गाव सोडावं लागलं का? मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, टेक महिंद्रा आहेत, परसोडीच्या आयटी पार्कच्या बाजूला पर्सिस्टंट आणि ग्लोबललॉजिक आहेत. पहिल्या चार-पाच वर्षांचं काम इथे चांगलं शिकायला मिळतं. पुढचं पद मात्र निर्णय जिथे होतात तिथे निघतं. टीमचा मुख्य माणूस नागपुरात बसत असेल तर दोन पैसे कमी घेऊनही ती नोकरी धरावी, असं माझं मत आहे.

येण्याजाण्याचं थोडक्यात. मेट्रोचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पुरा झाला. दक्षिणेला ती खापरीपर्यंत जाते, पश्चिमेला हिंगणा रोडवर लोकमान्य नगरपर्यंत. बुटीबोरीपर्यंतची वाढ दुसऱ्या टप्प्यात मंजूर आहे. जरीपटक्यात किंवा कामठी रोडला घर आणि बुटीबोरीत नोकरी असेल तर अख्खं शहर ओलांडून वर्धा रोडला लागायचं आहे. कंपनीची बस कुठून निघते, दुसरी पाळी सुटल्यावर ती असते का, मुलींना घरापर्यंत सोडते की चौकात, हे सही करायच्या आधी विचारा. आणि मे महिन्यात एकदा दुपारी तो रस्ता दुचाकीवरून करून बघा.

दुसरी नोकरी कुठे दडलेली आहे ते आता सांगतो. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या तीन एमआयडीसींत शेकडो कारखाने आहेत. त्यातल्या मोठ्या नावांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मधल्या आकाराच्या, पन्नास-शंभर माणसांच्या कारखान्यांकडे शिकलेलं पोट्टं फिरकत नाही, आणि मालकही जाहिरात देत नाही. पूर्ण वेळेचा माहितगार माणूस त्याला परवडत नाही. पण महिन्यातले दोन दिवस असा माणूस मिळाला तर त्याला हवाच असतो. कॉस्टिंग, ई-इनव्हॉइस आणि टॅलीची सांगड, गुणवत्तेची कागदपत्रं, विजेचं बिल अशी ही कामं आहेत. यातलं विजेचं बिल जरा खोलात जाऊन बघू.

एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना आणि २० किलोवॅटवरच्या लघुदाब उद्योगांना केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामाला आलेल्या विजेवर नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर, बिल लागतं. पूर्वी पॉवर फॅक्टरचा, म्हणजे ओढलेल्या विजेतली किती खरी कामाला आली त्या गुणोत्तराचा, वेगळा दंड किंवा सवलत बिलात दिसायची. आता ती युनिटमध्येच मुरलेली आहे, म्हणून मालकाच्या नजरेला पडत नाही. "बिल तर दर महिन्याला भरूनच राहिलो ना," एवढंच तो म्हणतो. समजा कारखान्याचा भार १०० किलोवॅट आहे आणि महिन्याला २०० तास चालतो. खरी वीज २०,००० युनिट. पॉवर फॅक्टर ०.८५ असेल तर बिल २३,५२९ युनिटचं येतं, ०.९८ असेल तर २०,४०८ चं. फरक तीन हजार शंभरावर युनिटचा आहे. त्याला बिलातला दर लावून गुणा. शिवाय डिमांड, म्हणजे एका वेळी ओढलेला कमाल भार, ११८ केव्हीएवरून १०२ वर येते ती वेगळी.

०.८५ वरून ०.९८ वर जायला या भाराला साधारण ४२ केव्हीएआर (कपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक) इतके पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर लागतात. पुष्कळ कारखान्यांत तेवढे लावलेले असतातच, फक्त ते मेलेले असतात. म्हणून आधी मोजा. ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआरचा चांगला कपॅसिटर ४१५ व्होल्टला दर फेजमध्ये ३१ अँपिअरच्या आसपास घेतो. क्लॅम्प मीटर १८-२० दाखवत असेल, किंवा तीन फेजमध्ये तीन वेगळे आकडे येत असतील, तर तो बदलायला झाला आहे. मरण्याची कारणं नागपुरात ठरलेली आहेत. पत्र्याच्या शेडखाली, पंखा बंद पडलेल्या पॅनेलमध्ये मे महिन्याच्या दुपारी हवा कपॅसिटरच्या ५५ अंशांच्या मर्यादेपलीकडे जाते. दुसरं कारण हार्मोनिक्स, म्हणजे विजेच्या लहरीत येणारा बिघाड. मोटारींना व्हीएफडी (वेग कमीजास्त करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बसवले आणि कपॅसिटर जुनेच राहिले की ते फुगतात. त्याला ७ टक्क्यांचा डिट्यून्ड रिअॅक्टर, म्हणजे हार्मोनिक्स अडवणारी कॉइल, लावतात, पण रिअॅक्टरमुळे कपॅसिटरवरचा व्होल्टेज चढतो. ४४० व्होल्टचेच कपॅसिटर ठेवून रिअॅक्टर जोडला तर ते आणखी लवकर जातात. ४८० किंवा ५२५ व्होल्टचे घ्यावे लागतात.

आणखी एक चूक नेहमी दिसते. रात्री कारखाना बंद आणि कपॅसिटर मात्र कायमचे जोडलेले. मग पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, म्हणजे उलट्या बाजूला झुकतो, आणि केव्हीएएच मीटर लीडिंगही मोजतो. एपीएफसी पॅनेल (कपॅसिटर आपोआप जोडणारं-तोडणारं) असलं तरी त्याच्या रिलेत सीटीचं, म्हणजे करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं, गुणोत्तर चुकीचं भरलेलं असेल तर तो भलत्याच वेळी कपॅसिटरचे संच जोडतो. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: बारा महिन्यांची बिलं मागा, दर महिन्याची कमाल डिमांड आणि पॉवर फॅक्टर एका पानावर काढा, मग पॅनेल तपासा, मग रिलेची सेटिंग, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. जोडणीचं काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडूनच करून घ्या. तुमचं काम निदान करायचं आणि पुढच्या तीन बिलांत फरक दाखवून द्यायचा. असे चार-पाच कारखाने ज्याच्याकडे आहेत त्याला दुसरी नोकरी शोधावी लागत नाही. उद्या एखाद्या मोठ्या प्लांटमध्ये युटिलिटीची, म्हणजे वीज-पाणी सांभाळायची, जागा निघाली तर त्याचं नाव आधी निघतं.

नोकरी सांभाळून हे करायचं असेल तर नेमणूकपत्रात बाहेरचं काम करायला मनाई आहे का ते पाहा. बहुतेक ठिकाणी असते. तिथे लेखी परवानगीशिवाय हात घालू नका.

काम मिळालं की पैशाचा प्रश्न येतो, आणि इथेच तरुण माणूस सगळ्यात जास्त मार खातो. ओळखीतून आलेलं काम तोंडी ठरतं आणि बिल तीन-चार महिने लटकतं. सुरुवातीलाच उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग (एमएसएमई) म्हणून सरकारी नोंद, करा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन पुरतो, दोन हजार मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो, तेव्हा तुम्ही त्यात बसताच. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. पर्चेस ऑर्डर लेखी घ्या, निदान ई-मेलवर तरी. त्यात कामाची व्याप्ती, रक्कम, किती दिवसांत पैसे आणि काम स्वीकारल्याची तारीख कशावरून धरायची, एवढं असलंच पाहिजे.

२००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत आणि ठरली असेल तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची रक्कम मुदतीत दिली नाही तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. म्हणून मार्च जवळ आला की कंपन्यांचे सीए 'तुमचा उद्यम नंबर पाठवा' म्हणून फोन करतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात थकीत बिलांची यादी आणि प्रमाणपत्र एकत्र पाठवून दिलं तर पुष्कळ बिलं तक्रार न करता सुटतात. कायद्याचं हे संरक्षण व्यापाऱ्यांना मिळत नाही, माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला मिळते.

तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. तिथून प्रकरण सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचा निवाडा करणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जातं, आणि निकाल विरुद्ध गेला तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय अपील करता येत नाही. हत्यार धारदार आहे. पण हिंगण्यात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि एकदा तक्रार केली की पुढचं काम जातं ही भीती खोटी नाही. म्हणून मी आधीच ३०-४० टक्के आगाऊ घ्यायला सांगतो. उरलेले टप्प्याटप्प्याने. आगाऊ द्यायला कुरकुर करणारा शेवटचा हप्ताही कुरकुरतच देतो.

तुमच्या फीमधून खरेदीदार टीडीएस कापतो. वर्ष संपण्याआधी तो तुमच्या पॅनवर दिसतो का ते आयकराच्या पोर्टलवर तपासा. सेवांसाठी जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते.

स्वतःचं युनिट टाकायचं म्हणणाऱ्यांच्या डोक्यात नागपुरात हमखास संत्री असतात. काटोल, नरखेड, कळमेश्वरचा माल आहे, भाव कोसळल्याच्या बातम्या दर हंगामात येतात, बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून बाहेरची वाटही अरुंद झाली आहे. मग रस का काढत नाहीत? कारण नागपुरी संत्रं मुळात सोलून खायचं फळ आहे. ताजा रस गोड लागतो, पण ठेवला किंवा तापवला की त्यात लिमोनिन तयार होतं आणि तो कडू पडतो. बिया जास्त, म्हणजे गाळणीचं काम वाढतं. आंबिया बहाराची तोड साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. मधल्या महिन्यांत यंत्र बसून राहतं आणि हप्ता बसत नाही. म्हणून संत्र्यावरच उभा केलेला प्रकल्प अहवाल बँकेत टिकला तरी धंद्यात टिकत नाही. मोसंबी, टोमॅटो, आलं यांपैकी काय त्याच यंत्रावर चालेल, हे आधी ठरवा. रसाआधी प्रतवारी, मेण चढवणं आणि पॅकिंगचा हिशेब करून बघा. अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. यंत्राचं कोटेशन घेण्याआधी तिथे जाऊन बोला, नंतर नव्हे.

सबसिडीबद्दल गैरसमज फार आहेत. पीएमईजीपीचं, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं, उदाहरण घ्या. २० लाखांचा प्रकल्प, अर्जदार सर्वसाधारण गटातला, जागा शहरात. स्वतःचे १० टक्के, म्हणजे २ लाख. बँक १८ लाख देते. सबसिडी १५ टक्के, ३ लाख. हेच युनिट ग्रामीण भागात असेल तर २५ टक्के, ५ लाख. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी यांना स्वतःचे ५ टक्के पुरतात आणि सबसिडी शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के मिळते. ही रक्कम तुमच्या हातात येतच नाही. ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहते, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, आणि युनिट चालू आहे अशी पाहणी झाल्यावर कर्जात वळती होते. दुसऱ्या वर्षी शटर पडलं तर ती गेली. सुरू असलेल्या धंद्याला हे पहिलं कर्ज मिळत नाही, म्हणून मंजुरीआधी यंत्र घेऊन कामाला लागलेले बाद होतात. अर्जाआधी सिव्हिल लाइन्सला उद्योग भवनात, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू निकष विचारून घ्या.

युनिट बुडतं ते बहुधा खेळत्या भांडवलापायी. यंत्राचे पैसे अहवालात असतात. पहिल्या तीन महिन्यांचा कच्चा माल, मजुरी, वीज आणि उधारीत अडकलेली विक्री यांचे मात्र तुटपुंजे धरलेले असतात. महिन्याची विक्री २ लाख आणि उधारी ६० दिवसांची असेल तर ४ लाख कायम बाहेर अडकलेले असणार, हे अहवालात पहिल्या दिवसापासून लिहा.

नुकतेच पास झालेल्यांसाठी एक गोष्ट राहिली. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अॅप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. बुटीबोरीतल्या मधल्या कारखान्यात वर्षभर असं शिकलात तर मोठ्या कंपनीत एकाच यंत्रापुढे उभं राहण्यापेक्षा खरेदीपासून पाठवणीपर्यंत सगळं बघायला मिळतं, आणि दुसरी नोकरी लागते ती या ओळखींतून. फक्त करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला आहे का, त्यात तुमचा ट्रेड किंवा पदवी बरोबर लिहिली आहे का आणि स्टायपेंड बँकेत जमा होतो का, हे पहिल्याच महिन्यात तपासा. नोंद नसेल तर शेवटी प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ते वर्ष पुढच्या मुलाखतीत अनुभव म्हणून दाखवता येत नाही.